वॉर्ड सोडून सामुदायिक आरोग्यात जावं का? तिथे नर्स नेमकं काय करते?

प्रश्न: रात्रपाळी

नमस्कार. मी मेडिसिन वॉर्डात नर्स आहे, त्याआधी अतिदक्षता विभागात होते. आता सामुदायिक आरोग्य विभागात जायची संधी आली आहे आणि माझा निर्णय होत नाहीये.

जावंसं का वाटतं ते आधी सांगते. आमच्याकडे तेच तेच पेशंट परत येतात. मधुमेहाचे एक आजोबा पायाला जखम झाली म्हणून दाखल झाले. ड्रेसिंग झालं, अँटिबायोटिक झालं, साखर ताब्यात आली, सुट्टी मिळाली. पायाची काळजी कशी घ्यायची ते मी स्वतः समजावून सांगितलं होतं, मुलाच्या हातात छापील कागदही दिला होता. ते पुन्हा आले तेव्हा अंगठा काळा पडलेला होता. मधल्या काळात ड्रेसिंग कोण करत होतं, इन्सुलिन कोण टोचत होतं, आजोबांना सिरिंजवरचे आकडे दिसत तरी होते का, हे मला कळायला काही मार्गच नव्हता.

आणि पाय का अडखळतो तेही सांगते. सहकारी म्हणतात, तिकडे नुसती रजिस्टरं भरायची आणि इंजेक्शनं टोचायची; इतक्या वर्षांत हाताला आलेलं कसब वर्षभरात जाईल. माझे दोन प्रश्न आहेत. या कामाला क्लिनिकल डोकं खरंच लागतं का? आणि काम चांगलं झालं हे कळतं कसं? वॉर्डात पेशंट शुद्धीवर येतो, चालत घरी जातो, ते डोळ्यांना दिसतं. तिकडे काय दिसतं?

उत्तर: उंबरठा

मीही वॉर्डातूनच इकडे आले आणि परत गेले नाही. माझा कल कुठे आहे हे लक्षात घेऊनच पुढचं वाचा.

वॉर्डात पेशंट तुमच्यापर्यंत आलेला असतो. इकडे सगळ्यात महत्त्वाचा पेशंट म्हणजे जो आलाच नाही तो. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं काम आपोआप कळायला लागतं, रजिस्टरसुद्धा. लसीकरणाच्या रजिस्टरातल्या भरलेल्या रकान्यांवरून माझी नजर पुढे सरकते आणि रिकाम्या रकान्यांवर थांबते. पहिला डोस झाला, दुसरा झाला, तिसऱ्यापुढे काहीच नाही. फॉर्मवर अशा सगळ्या बाळांपुढे 'गैरसमज' असं एकच कारण लिहून मोकळं होता येतं. घरी गेलं की कळतं, एका बाळाला दुसऱ्या डोसनंतर ताप आला आणि असा ताप एखादा दिवस येऊ शकतो हे कुणी आईला सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या घरात आईचं काम सुटायच्या आत सत्र संपलेलं असतं. तिसऱ्या घरात कार्ड हरवलंय आणि ओरडा बसेल म्हणून ती फिरकलेली नाही. तीन घरं, तीन वेगळे उपाय, आणि 'जनजागृती' या शब्दात यातला एकही बसत नाही.

हे काही आजचं शहाणपण नाही. 1902 साली न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर शाळा तपासायचे आणि खरूज, गजकर्ण, उवा, डोळ्यांचा ट्रॅकोमा असलं काही दिसलं की मुलाला चिठ्ठी देऊन घरी पाठवायचे. निदान बरोबर असायचं. पण चिठ्ठी घरी वाचणारं कुणी नसायचं, उपचार व्हायचे नाहीत, आणि घरी पाठवलेली मुलं संध्याकाळी त्याच वर्गमित्रांबरोबर रस्त्यावर खेळत असायची. लिलियन वाल्ड नावाच्या नर्सने 1893 पासून तिथल्या गरीब वस्तीत घरोघरी जाऊन शुश्रूषा सुरू केली होती. तिने प्रयोग म्हणून आपल्याकडची एक नर्स, लिना रॉजर्स, शाळांना दिली. चार शाळा सांभाळायला ही एकटी. किरकोळ त्रासावर ती शाळेतच मलमपट्टी करायची, मुलाला परत वर्गात बसवायची आणि उरलेल्यांच्या घरी जाऊन आईला औषध कसं लावायचं ते करून दाखवायची. महापालिकेने मग आणखी नर्सेस नेमल्या. सप्टेंबर 1902 मध्ये शहरात 10,567 वेळा मुलांना शाळेतून घरी पाठवलं गेलं होतं. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तो आकडा 1,101 वर आला. डॉक्टर तेच, रोग तेच. चिठ्ठी आणि घर यांच्यामध्ये एक माणूस उभं राहिलं होतं. तुमच्या आजोबांच्या मुलाच्या हातात दिलेल्या कागदाचं वाचताना मला हेच आठवलं.

आता क्लिनिकल डोक्याचं. मला विचाराल तर ते इकडे जास्त लागतं, कारण सोबतीला मॉनिटर नसतो. बाळंतपणानंतरची घरभेट घ्या. बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, झोपलेलं, घरचे म्हणतात सगळं छान आहे. मी आधी दूध पिण्याबद्दल विचारते, कारण कालपर्यंत ओढून पिणारं बाळ आज पीत नसेल तर बाकी काही कळायच्या आत ते आजारी असतं. मग दुपटं उघडते, छाती-पोट दिसेल असं, आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायची नाही. नवजात बाळाचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच भरभर चालतो, हिशेब चुकतो. साठ किंवा जास्त आले तर थोडं थांबून पुन्हा मोजायचे. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग जोरात आत ओढला जात असेल, तर बाळ त्याच क्षणी रुग्णालयात जायला हवं. तळहात-तळपाय उजेडात धरून पिवळेपणा बघायचा. अंग गार लागतंय का, नाळेभोवती लाली किंवा पू आहे का, हे हात लावून बघायचं. आणि मग आईकडे वळायचं, कारण तोवर तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. रक्तस्राव किती, घाण वास येतो का, पोटरी दुखते का. डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते असं म्हणाली तर लगेच बीपी. बीपी वाढून येणारे झटके बाळंतपणानंतरही येतात. खाटेच्या कडेवर बसून हे सगळं ठरवायचं आणि 'आत्ता न्या' की 'उद्या मी परत येते' यातलं एक बोलायचं. अतिदक्षता विभागात पेशंट बिघडायच्या आधी तो बिघडणार हे ज्या नजरेनं ओळखता, तीच नजर इथे लागते.

लस टोचणं हा त्या कामाचा शेवटचा अर्धा मिनिट. त्याआधी लस दोन ते आठ अंशांत राहिली का हे बघावं लागतं, आणि उष्णतेइतकीच भीती गारठ्याची असते. हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस), धनुर्वाताची लस एकदा गोठली की वाया गेली, मग कुपी दिसायला कितीही ठीक असो. म्हणून आइस पॅक फ्रीजरमधून काढून थेट लसवाहकात, म्हणजे लस न्यायच्या थंड डब्यात, भरायचे नसतात. बाहेर ठेवायचे, थोड्या वेळाने कानाशी धरून हलवायचे, आत पाणी खळखळलं की मग भरायचे. हे घाईत कुणी टाळलं तर कळतही नाही. बाळाला टोचलं जातं, रकाना भरतो, संरक्षण मात्र मिळत नाही.

क्षयरोगाचं उदाहरण तर मी कुणालाही सांगते. 1956 साली तेव्हाच्या मद्रासमध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. तोवर क्षयरोग म्हटलं की सॅनेटोरियम (क्षयरोग्यांना ठेवून घेणारं रुग्णालय), चांगला आहार, सक्तीची विश्रांती असाच समज होता. या अभ्यासात निम्मे पेशंट सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि निम्म्यांना गरिबीतल्या, दाटीच्या घरांतच ठेवून औषधं दिली. घरचे पेशंट जवळपास तितकेच बरे झाले, आणि घरातल्या इतरांना त्यामुळे जास्त लागणही झाली नाही. जगभर सॅनेटोरियमं बंद व्हायला याचा मोठा हात आहे. पण त्या निकालामागे घरोघरी होणाऱ्या अचानक भेटी होत्या, गोळ्या मोजणं होतं, औषध खरंच पोटात गेलंय का हे लघवीच्या नमुन्यावरून तपासणं होतं. औषध घरी दिलं म्हणजे उपचार घरी झाले असं होत नाही, त्यामागून कुणीतरी जावं लागतं.

आजही नेहमीचे उपचार सहा महिन्यांचे असले तरी काही आठवड्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि पेशंटला वाटतं झालं की बरं. गळती तिथेच होते. 'गोळ्या घेता ना?' असं विचारलं की उत्तर 'हो'च येतं. मी विचारते, 'गेल्या आठवड्यात कुठल्या दिवशी राहून गेली?' हा प्रश्न ऐकला की राहून जाणं चालतं, सांगितलं तर चालतं, हे समोरच्याला कळतं. मग मळमळ बाहेर येते, रात्रपाळी बाहेर येते, घरात लपवून ठेवलेला आजार बाहेर येतो. शेवटच्यावरून एक सांगते. क्षयरोगाच्या किंवा एचआयव्हीच्या पेशंटकडे मी सरळ त्याच्याच दारात कधी जात नाही. गल्लीतल्या चार घरी बीपी तपासते, बाळांची विचारपूस करते, त्यात तेही घर येतं. नर्स कुणाकडे आली हे शेजारी बघतच असतात.

आजोबांच्या घरी मी गेले असते तर पायाआधी चपला हातात घेतल्या असत्या. आत हात घालून फिरवायचा, शिवणीची टोचणारी कडा किंवा वर आलेला खिळा बोटांना लागतो. मधुमेहाने बधिर झालेल्या त्यांच्या तळव्याला तो लागलाच नसता. मग दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे ठरावीक दाब देणारा नायलॉनचा तंतू, तळव्यावर ठिकठिकाणी टेकवून कुठे कळतं, कुठे नाही ते बघितलं असतं. नखं कोण कापतं, आणि इन्सुलिन भरताना आकडा कोण वाचतं, हेही. याला फार तर अर्धा तास लागतो.

काम झालं हे कसं कळतं? उत्तर अवघड आहे, कारण जे घडलं नाही तेच इथलं यश. तरी मोजता येतं. पहिला डोस घेतलेल्यांपैकी किती बाळं शेवटच्या डोसपर्यंत पोचली, आपल्या यादीतल्या किती जणांचं बीपी ताब्यात आहे, क्षयरोगाचे किती पेशंट उपचार पूर्ण करून निघाले. लांबचा परिणाम बघायचा तर अमेरिकेत एल्मिरा इथे 1970 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला डेव्हिड ओल्ड्स यांचा अभ्यास वाचा. पहिलटकरणींच्या घरी गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत नर्सेस जात राहिल्या. पंधरा वर्षांनी बघितलं तर त्या घरांत मुलांची आबाळ आणि छळ झाल्याच्या नोंदी जवळपास निम्म्याने कमी होत्या. ज्या नर्सनं त्या आईशी पहिल्यांदा बोलणं केलं, तिला हे तेव्हा दिसणं शक्यच नव्हतं. तुमचा स्वभाव लगेच निकाल हवा असणारा असेल तर हे जड जाईल, हे मात्र खरं.

उत्तर: साथनोंद

मी डॉक्टर आहे, साथरोग सर्वेक्षणात काम करतो. उंबरठाताईंनी जवळजवळ सगळं सांगितलंय, माझ्या बाजूची एक भर घालतो.

साथीची पहिली खबर प्रयोगशाळेतून फार क्वचित येते. 'डॉक्टर, या एका गल्लीत तीन दिवसांत पाच जणांना जुलाब झालेत, आणि सगळे एकाच नळाचं पाणी भरतात' असा फोन येतो, आणि तो बहुतेक वेळा नर्सचाच असतो. आमच्याकडे अहवाल पोचून त्याचा आलेख होईपर्यंत थांबलो तर पाण्याचे नमुने घ्यायला उशीर झालेला असतो.

पोलिओचं घ्या. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तर कारण काहीही वाटो, कळवायचं. लुळेपणा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांत शौचाचे दोन नमुने, दोन्हींत किमान चोवीस तासांचं अंतर, आणि ते थंड ठेवून प्रयोगशाळेपर्यंत पोचवायचे. एखादी नर्स 'पडला असेल, मुरगळला असेल' म्हणून पुढे गेली की आमचं सगळं यंत्र आंधळं. 'या आठवड्यात एकही नाही' हा अहवालही मला वेळेवर हवा असतो, कारण कोरा कागद आला तर रोग नाही की बघणारं कुणी नाही, हे मला इथे बसून ओळखता येत नाही.

उत्तर: दोन लेकरांची आई

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही. पेशंटच्या बाजूने लिहिते.

पहिल्या मुलीच्या वेळी स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या, दूध पाजायची वेळ झाली की मला रडू यायचं. घरात सगळे म्हणत होते, वरचं दूध सुरू कर. भेटीला आलेल्या सिस्टरनी मला काहीही न सांगता आधी म्हटलं, 'पाज बरं, मला बघू दे.' बघितलं आणि बाळाला काढून पुन्हा लावलं. बाळाचं पोट माझ्या पोटाला, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं, आणि नुसतं टोक नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात जाऊ द्यायचा. हनुवटी छातीला टेकली आणि तेवढ्यातच दुखणं कमी झालं. रुग्णालयात मला 'फक्त आईचं दूध द्या, सहा महिने' असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. बसून बघितलं ते त्यांनीच.

निघताना त्यांनी विचारलं, झोप लागते का? बाळ झोपल्यावर तरी? मी नाही म्हटलं. त्या पुन्हा बसल्या. त्या दिवशी मी जे बोलले ते घरात कुणाशीही बोलले नव्हते. पुढे त्यांनीच मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि जाऊन आले का हे विचारायला परत आल्या. रात्रपाळी, तुम्ही जा. कुणाच्या तरी घरी तुमची गरज आहे.

उत्तर: परतलेली

वरचं सगळं खरं आहे. मी तरीही ते काम सोडलं, म्हणून दुसरी बाजू मांडते.

माझ्याकडे एका माणसाला पुरं होणार नाही एवढा भाग होता. एकाच घरभेटीची नोंद वहीत, मग तक्त्यात, मग मोबाइलवर करायची. बैठकीत विचारणा भेटींच्या आकड्याची व्हायची, भेटीत काय सापडलं याची नाही. मग माणूस आकडा पूर्ण करायला लागतो, दारातून विचारपूस करून पुढे जातो, आणि उंबरठाताई म्हणतात तसा एक मिनिट श्वास मोजला जात नाही. एकटीनं अनोळखी घरात शिरायचं, अंधार पडल्यावर परतायचं, आणि काही झालं तर फोन कुणाला करायचा हे ठरलेलं नाही. मी पेशंट पुढे पाठवायचे, त्यांचं काय झालं हे मला कधीच कुणी कळवलं नाही. मला सगळ्यात जास्त थकवलं ते यानं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालात जगात 2 कोटी 98 लाख नर्सेस आहेत आणि 58 लाख कमी पडतात असं म्हटलंय. ती तूट कागदावर असते तेव्हा आकडा असतो, भागात असते तेव्हा एकाच बाईच्या पाठीवर असते. काम थोर आहे म्हणून कुणीही कसल्याही अटींवर ते करावं, असं मी कुणाला सांगणार नाही.

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. परतलेली, तुम्ही लिहिलंत ते वाचून जास्त बरं वाटलं, कारण ते मला कुणी सांगितलं नसतं. उंबरठाताई, अजून एक. बीपी खूप वाढलेलं सापडलं, डॉक्टर लांब आहेत, तर आपण कुठपर्यंत जायचं? आणि परतलेली म्हणतात ते प्रश्न तुम्ही कसे सोडवलेत?

उंबरठा

कुठपर्यंत जायचं हे तुमच्या ठिकाणचे नियम ठरवतील. ब्रिटनमध्ये त्यासाठी वेगळं शिक्षण घेतलेल्या नर्सना औषधं लिहून देण्याचा कायदेशीर अधिकार आहे. बऱ्याच ठिकाणी तो नाही. म्हणून रुजू व्हायच्या आधी लेखी स्थायी सूचना मागून घ्या: कुठल्या आकड्याला काय द्यायचं, कुणाला फोन, कुठे पाठवायचं. तोंडी 'बघून घ्या' चालवून घेऊ नका. आणि घाबरायच्या आधी पुन्हा मोजा. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, दंडाच्या मापाचा पट्टा, मोजताना कुणी बोलायचं नाही. जिना चढून आलेल्या माणसाचं बोलता बोलता घेतलेलं बीपी बरेचदा दुसऱ्या वेळी खाली येतं. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, गरोदर असणं, यातलं काहीही असेल तर मात्र दुसऱ्या मोजणीसाठी वाट बघू नका.

परतलेलीचं सगळं बरोबर आहे आणि ते सगळं मी सोडवू शकलेले नाही. नोंदींचा बोजा अजून आहे. दोन गोष्टी मात्र आम्ही भांडून मिळवल्या. नव्या किंवा आडबाजूच्या घरी जोडीनेच जायचं आणि निघताना कुठे जातोय ते फळ्यावर लिहायचं. दुसरी, पाठवलेल्या पेशंटची चिठ्ठी दोन भागांची केली, खालचा भाग रुग्णालयाने भरून परत पाठवायचा. सुरुवातीला येत नसे. मग आमच्यातली एक जण दर आठवड्याला स्वतः वॉर्डात जाऊन चिठ्ठ्या गोळा करायला लागली, आणि येताना सुट्टी झालेल्यांची यादीही आणायला लागली. तुमची वॉर्डात ओळख आहे. निघण्यापूर्वी तिथल्या इन्चार्ज सिस्टरशी बोलून हे ठरवूनच निघा: आमच्या भागातला पेशंट सुटला की त्याच दिवशी निरोप, सोबत ड्रेसिंगची तारीख आणि औषधांची यादी. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात फार काही बदलायला जाऊ नका. तिथल्या सगळ्यात जुन्या नर्सबरोबर भाग चाला आणि गेल्या वर्षीचं रजिस्टर घेऊन रिकाम्या रकान्यांची यादी करा. अडलं तर इथेच विचारा, मी रोज डोकावते.